जीवखडा

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी माझी वहिनी परड्यात उपासाची रताळी धूत बसली होती. त्यातलं एक रताळं काही केल्या स्वच्छ होईना. नखानं खरवडायला गेली तर नखच मोडलं. मग तिनं ते फरशीवर आपटलं आणि ओरडली, "अगाई, हे रताळं न्हवं, धोंडा हाय!"

माझ्या भावाची कुऱ्हाड आमच्या घरात आली ती अशी. भाऊ आता नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढं तो बोलणार आहे, थट्टा करणार आहे, आणि वाचणाऱ्याला उगाच आशा लागायला नको. मला अजून लागते. निपाणीच्या स्टँडवर बेळगावची बस सुटली की त्याला फोन लावायला हात जातो, आणि मग हत्तरगीपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून रडते. शेजारचे बघतात. बघू देत.

आमचं माहेरचं गाव बेळगावजवळ, हिंडलग्याच्या पुढं. तांबडी माती, रताळ्याला चांगली. आप्पा, म्हणजे आमचे वडील, अजून शेत करतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ शेतात रमला नाही, मच्छे गावातल्या एका कारखान्यात लेथवर लागला आणि तिथंच टिकला. आप्पांनी त्याला अडवलं नाही, पण बरं केलंस असंही कधी म्हटलं नाही. आप्पांच्या तोंडून कौतुक ऐकलेलं माणूस आमच्या भावकीत तरी कुणी नसेल. मी शिक्षिका झाले तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "आता घसा सांभाळ."

ती रताळी भावानंच काढली होती, सुट्टीच्या दिवशी. ओल्या मातीनं लडबडलेला तो दगड त्यानं स्वतःच्या हातानं पोत्यात भरला आणि त्याला कळलंही नाही. त्याला दोष देत नाही, आकारच तसा होता. एका टोकाला निमुळता, मध्ये फुगीर, दुसऱ्या टोकाला पसरट. वहिनी तो उकिरड्यावर भिरकावणार होती. भावानं हातात घेतला, पाणी ओतलं, पसरट बाजूवरून अंगठा फिरवला आणि लगेच मला फोन केला.

"आक्का, रताळ्यात कुऱ्हाड घावली."

"लोखंडाची?"

"न्हाय गं. दगडाची. लोखंड निघायच्या आधीची असंल. माझ्या पोरीच्या इतिहासाच्या पुस्तकात चित्र हाय, डिट्टो अशीच."

मी म्हटलं, बरं. मला पेपर तपासायचे होते.

त्या दिवसापासून घरात एक नवाच खेळ सुरू झाला. भाऊ कामावरून यायचा, हातपाय धुवायचा, चहाचा कप आणि दगड घेऊन आप्पांजवळ पायरीवर जाऊन बसायचा. त्याआधी बापलेक एकमेकांशी कामापुरतं बोलायचे. मोटार चालू केली का, खत आणलं का, झालं. आता रोज वाद.

"आप्पा, ही धार बगा. दोन्हीकडनं सारखी उतरलीया. आपोआप हुतंय व्हय असं?"

"नदीतलं गोटं बगितलं न्हाईस काय तू?"

"गोटा सगळीकडनं गुळगुळीत असतोय. हिचं माथं खरबरीत हाय, धारंकडंच गुळगुळीत हाय."

"बरं, कुऱ्हाड हाय तर दांडा कुटं हाय? का त्यो गोतास काळ झाला?"

"दांडा तुमीच की आप्पा!"

मग आप्पा काठी उगारायचे आणि वहिनी आतून हसायची. सुट्टीला गेले की मीही तिथं बसायचे. आमच्याकडं 'पण' म्हणायचं असलं की 'खरं' म्हणतात. आप्पा एकदा दगड हातात घेऊन म्हणाले, "दिसतोय चांगला, खरं दगडच की." भाऊ टुणकन उठला. "आक्का, ऐकलंस? आप्पा खरं म्हणालं! साक्षीदार हाईस तू!" आप्पा इतके चिडले की त्यांनी राहिलेला चहा अंगणात ओतून दिला.

पण थट्टेच्या आत त्याला काय हवं होतं ते मला एकदा कळलं. माझे कॉलेजातले इतिहासाचे सर निवृत्त होऊन बेळगावातच राहतात. मी त्यांना फोनवर फोटो पाठवले. ते म्हणाले, फोटोवरून काही सांगत नसतो, वस्तू घेऊन या. भावानं त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. दगड पोरीच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवला आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला, "लागलं न्हाय न्हवं?" म्हणून विचारत राहिला. मला नव्हे, दगडाला.

सरांनी टेबल खिडकीजवळ ओढलं. दगड उजेडात आडवा धरला, फिरवला, भिंग लावून धारेकडं कितीतरी वेळ बघत राहिले. मग आम्हाला समजावून सांगितलं. अशी कुऱ्हाड करताना माणूस आधी दगड ठोकून ढोबळ आकार द्यायचा, मग बारीक टोचे मारून अंग सारखं करायचा, आणि शेवटी वाळू-पाणी घालून मोठ्या खडकावर घासून घासून धार काढायचा. काही हजार वर्षांपूर्वी, या भागात माणूस नुकता शेती करायला लागला होता तेव्हाची गोष्ट. हा दगड तसा असण्याची शक्यता आहे. पण त्यावर तेलाचे आणि हाताच्या मळाचे थर चढलेत, टोच्यांच्या खुणा स्पष्ट दिसत नाहीत. आणि मुख्य म्हणजे जागा बघायला हवी. जवळपास खापरं, राख, असले आणखी तुकडे काही आहेत का?

तेलाचा थर माझ्या भावानंच चढवला होता. मशीनच्या भागाला लावतात तसं तो त्या दगडाला रोज तेल पुसत होता, गंजू नये म्हणून. सरांना हे सांगताना तो लाजला. सर मात्र हसले नाहीत.

"सर, किंमत काय हुईल?" त्यानं विचारलं.

सरांचा चेहरा बदलला. "हे विकायचं नसतं. सरकारला कळवायचं असतं. आणि याची किंमत याच्या जागेत असते. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडलं, ते माहीत असेल तर हा दगड बोलतो. नाहीतर कपाटात ठेवायची वस्तू."

"इकायचं न्हाय सर. आमच्या वडलास्नी सांगायचं हाय. आकडा सांगितल्याबिगर त्यांना काय पटत न्हाय."

सर म्हणाले, आकडा नाही देता येणार. पुढची रताळी निघाली की शेत मोकळं होईल, तेव्हा मी येतो, जागा बघून खात्रीनं सांगतो. तोवर शक्यता म्हणू.

परत येताना हिंडलग्याच्या अलीकडं त्यानं गाडी थांबवली. मला वाटलं फोन आला. तो रस्त्याकडं बघत म्हणाला, "आक्का, आप्पांनी एकदा नुस्तं व्हय म्हणावं. मला दुसरं काय नको बघ." चाळिशी ओलांडलेला माणूस, कानापाशी केस पांढरे झालेले, आणि डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, म्हणतील रे, सर आले की म्हणावंच लागेल.

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "काय म्हणलं मास्तर?"

"शक्यता हाय म्हणालं."

"शक्यता म्हंजे? किलोला किती?"

त्या दिवशी भाऊ हसला नाही. दगड घेऊन आत गेला आणि खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी मात्र कामावरून आला, चहा घेतला आणि दगडासकट पुन्हा पायरीवर जाऊन बसला. असाच होता तो. राग त्याच्याकडं मुक्कामाला राहायचा नाही.

पुढची रताळी निघायच्या आधीच तो गेला. कारखान्यात छातीत जळजळतंय म्हणाला, पित्त झालं असेल म्हणून सोडा प्यायला, मशीनजवळच्या स्टुलावर बसला आणि खाली कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी निपाणीहून पोचले तेव्हा त्याला अंगणात ठेवलं होतं आणि पोरगी त्याच्या पायाचे अंगठे धरून बसली होती. अंगठे बांधलेले होते तरी ती सोडत नव्हती. मी काय केलं, कशी ओरडले, ते मला आठवत नाही. बायका म्हणतात, मी आप्पांना धरून हलवत होते.

त्याला मुलगा नाही. अग्नी आप्पांनीच दिला. मी बाईमाणूस, स्मशानात गेले नाही. माणसं तिकडं गेल्यावर वहिनीजवळ बसले होते आणि सहज खिडकीकडं लक्ष गेलं. दगड नव्हता.

तो संध्याकाळी परत आला, आप्पांच्या हातातून. वाहत्या पाण्यानं धुतलेला, नव्या पांढऱ्या फडक्यात. चितेभोवती पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फिरताना मागून एका दगडानं त्याला भोक पाडतात. तो दगड म्हणजे जीवखडा. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्याच्या आश्रयाला असतो असं आपण मानतो. रोज त्याला पाणी घालतात आणि दहाव्याला नदीत सोडतात. भावकीतल्या कुणीतरी पायाजवळचा एक दगड उचलला होता. आप्पांनी तो टाकायला लावला, कोटाच्या खिशातून कुऱ्हाड काढली आणि म्हणाले, "ह्यो घ्या. पोराचा जीव ह्यातच हुता."

चुलतभावानं मला हे सांगितलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. 'जीव असणं' ही बोलायची रीत आहे. आपण म्हणतो, हिचा दागिन्यात जीव, त्याचा गाडीत जीव. म्हणून काय गाडी नदीत ढकलतो? भाऊ जिवंत असताना त्या दगडाला किलोचा भाव विचारला, आणि मेल्यावर तोच हिसकावून घेतला, असं मला वाटलं. बापाचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. वहिनीला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "आक्का, तुमी मधी पडू नका. आप्पा उभं हाईत हेच लई हाय."

परड्यात आंब्याखाली मडक्याच्या खापरीवर दगड ठेवला होता. शेजारी दिवा. आप्पा रोज सकाळी त्याला पाणी घालायचे, दूध घालायचे, आणि तिथंच उकिडवे बसून राहायचे. पायरीवर बसायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

दहावा जवळ आला तेव्हा सर भेटायला आले. थोडा वेळ बसले, आप्पांना नमस्कार केला. मी त्यांना हात धुवायला परड्यात नेलं. आप्पा नुकतंच पाणी घालून आत गेले होते. ऊन तिरपं येत होतं. इतक्या दिवसांच्या पाण्यानं तेल-मळ सगळा निघून गेला होता आणि ओल्या काळ्या दगडावर बारीक बारीक टोचे सुईनं टोचल्यासारखे उठून दिसत होते. धारेजवळ आल्यावर ते संपत होते आणि तिथून पुढं घासलेला भाग, दोन्ही अंगांनी सारखा उतरलेला. सरांनी तांब्या खाली ठेवला आणि गुडघ्यावर बसले. शिवले नाहीत. नुसतं डोकं या बाजूला, त्या बाजूला करून बघितलं.

"आता शक्यता म्हणणार नाही," ते म्हणाले. "जागा न बघताही खात्रीनं सांगतो. तुझा भाऊ बरोबर होता."

मी तोंडात पदर कोंबला. ही एवढी बातमी आणि ती ऐकायला तो नव्हता. आजही ते वाक्य आठवलं की मला ते कुणाला तरी पोचवायचं राहून गेल्यासारखं वाटतं.

जाताना सर हळू आवाजात म्हणाले, "हा पाण्यात जाऊ नये. तुम्ही दुसरा एखादा दगड नाही का देऊ शकणार?"

मी दुसरा दगड शोधला. खोटं कशाला सांगू? त्याच दुपारी बांधावर गेले, तसाच काळा, तेवढाच एक दगड उचलला आणि पदराखाली धरून आंब्याखाली येऊन उभी राहिले. मी वर्गात पोरांना सांगते की डोळे उघडे ठेवा, विचारल्याशिवाय काही मानू नका. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आणि तरी माझा हात पुढं जाईना. समजा, असलाच तो तिथं तर? मी त्याला उचलून बाजूला ठेवणार आणि त्याच्या जागी कुणाला बसवणार? मी बांधावरचा दगड बांधावर नेऊन टाकला.

मग मी दुसरा मार्ग ठरवला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की घरचे एकेक करून शब्द देतात. पोरीला शिकवू, बायकोला सांभाळू. गेलेल्याची इच्छा त्यात असली की कावळा शिवतो. मला खात्री होती, कावळा शिवणार नाही. कसा शिवेल? ज्याच्यासाठी तो रोज पायरीवर भांडला ते राहूनच गेलं होतं. सगळे थकले की मी पुढं होणार होते आणि मोठ्यानं, आप्पांना ऐकू जाईल असं म्हणणार होते, तुझी कुऱ्हाड खरी आहे रे, सरांनी सांगितलं, ती आम्ही पाण्यात सोडत नाही. मग कावळा आला असता आणि आप्पांना काही बोलायला जागा उरली नसती.

आमच्याकडं दहाव्याला बायकाही नदीवर जातात. मार्कंडेय नदीच्या काठावर पिंड मांडला, समोर दगड ठेवला, हात जोडले आणि आम्ही मागं सरलो. मी नीट उभीही राहिले नव्हते. कावळा आला, सरळ पिंडावर बसला, चोच मारली आणि घास घेऊन उडाला.

"शिवला, शिवला!" सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. "पुण्यवान जीव. काय मागं ठिवलं न्हाय बघा." वहिनी ओक्साबोक्शी रडली, पण तिलाही हलकं वाटलेलं दिसत होतं. आणि मी, सख्खी बहीण, त्या कावळ्याला मनातल्या मनात शिव्या देत होते. माझं वाक्य तोंडातच राहिलं. आप्पा गुडघाभर पाण्यात उतरले. भिरकावला नाही त्यांनी दगड. दोन्ही हात पाण्याखाली नेले आणि तिथं हळूच सोडला. मग बराच वेळ ते हात पाण्याखालीच धरून उभे राहिले.

तेराव्यानंतर मी निपाणीला परतले. शाळा सुरू झाली. आप्पांशी फोनवर जेवढ्यास तेवढं बोलायचे. माझा राग गेला नव्हता आणि त्यांना तो कळत असणारच.

पुढच्या सुट्टीत गेले तेव्हा पोरगी अंगणात अभ्यास करत होती आणि आप्पा एकटेच पायरीवर बसले होते. मी चहा नेऊन दिला. शेजारी बसले आणि मला राहवलं नाही.

"आप्पा, ती खरी कुऱ्हाड होती. सरांनी दहाव्याच्या आधी सांगितलं मला. हजारो वर्षांपूर्वीची. तो खोटं बोलत नव्हता."

त्यांना धक्का बसावा म्हणूनच मी बोलले होते. त्यांनी चहाचा घोट घेतला.

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

"सर तुम्हालाही बोलले?"

"मला कशाला कोण सांगाय पायजे? पयल्या दिवशी हातात दिली तवाच कळलं. माणसाच्या हातची वस्तू लपती व्हय? म्हणून तर दिली त्येच्यासंगं. साधा धोंडा द्यायचा तर मसणात रग्गड पडल्यात."

मग सगळं एकदमच बाहेर आलं. "मग त्याला का नाही सांगितलंत? एक शब्द होता हो आप्पा! नुसतं व्हय म्हणा एवढंच मागत होता तो. रस्त्यात गाडी थांबवून रडला होता माझ्यापुढं."

आप्पांनी कप खाली ठेवला. ते फाटकाकडं बघत राहिले, भाऊ गाडी आत घ्यायचा त्या फाटकाकडं.

"मिशा फुटल्यापास्नं माझ्याजवळ बसला नव्हता गं पोरगा," ते म्हणाले. "त्या दगडापायी रोज येऊन बसाय लागला. व्हय म्हटलं असतं तर उद्यापास्नं कशाला आला असता?"